ओळखीच्या नावाने आलेले पत्र

पत्र हाती पडले की आपली दृष्टी प्रथम जाते ती पाठवणाऱ्याच्या नावाकडे. हस्ताक्षर ओळखीचे असेल तर पाकीट फोडताना मनात शंका येत नाही. आखातातून, आफ्रिकेतून किंवा बोटीवरून येणाऱ्या निळ्या पातळ पत्रांवर आपल्या समाजाच्या दोन-तीन पिढ्या वाढल्या. पत्र कुणाचे आहे एवढे कळले की सारे घर आनंदून जात असे. हा विश्वास टपालखात्याच्या शिक्क्यावर नव्हता, तो माणसांवर होता. पुढे संगणकाच्या तारांवरून पत्रे धावू लागली, तेव्हा हा विश्वासही त्यांच्यासोबत नव्या बिऱ्हाडी आला, आणि त्याच्याच खांद्यावर बसून एक नवे संकट जगभर फिरून आले. ई-मेलमधून पसरणाऱ्या संगणक-विषाणूंचा इतिहास हा मुळात या विश्वासाच्या गैरवापराचा इतिहास आहे, असे आम्हांला वाटते. तो आरंभापासून समजून घ्यावयास हवा, कारण यंत्रे कितीही बदलली तरी त्यांतील युक्ती आजही तीच आहे.

नाताळचे झाड

'विषाणू' हा शब्द संगणकाच्या बाबतीत प्रथम रूढ केला तो अमेरिकन संशोधक फ्रेड कोहेन यांनी. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात त्यांनी दाखवून दिले की, दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये स्वतःची प्रत घुसवून वाढत जाणारा प्रोग्रॅम लिहिता येतो. रोगाच्या विषाणूला वाढण्यासाठी सजीव पेशी लागते, तसा या विषाणूला दुसरा प्रोग्रॅम लागतो. त्याचाच एक भाऊबंद म्हणजे 'कृमी'. त्याला आसऱ्याची गरज नसते. तो स्वतःच्याच पायांनी एका संगणकावरून दुसऱ्यावर जातो. सामान्य बोलण्यात मात्र आपण दोघांनाही विषाणूच म्हणतो.

पत्रांच्या मार्गाने दूरवर पसरलेल्या या जातीच्या पहिल्या काही प्रोग्रॅमांत ज्याची गणना होते, तो १९८७ च्या डिसेंबरात, नाताळच्या तोंडावर जन्माला आला. पश्चिम जर्मनीत हार्झ पर्वताच्या परिसरात क्लाउस्थाल येथे एक तांत्रिक विद्यापीठ आहे. तेथील एका विद्यार्थ्याने हा प्रोग्रॅम लिहिला. आपल्या मित्रांना सणाच्या शुभेच्छा द्याव्यात एवढाच त्याचा हेतू होता, अशी नोंद आढळते.

त्या काळी घरोघरी संगणक नव्हते. विद्यापीठात अथवा मोठ्या कंपनीत एखादा अवजड मध्यवर्ती संगणक असे आणि त्याला जोडलेल्या पडद्यांसमोर बसून शेकडो माणसे एकाच वेळी काम करीत. असे संगणक परस्परांना जोडणारी जाळी नुकतीच उभी राहत होती. न्यूयॉर्क शहराचे विद्यापीठ आणि येल विद्यापीठ यांच्यात १९८१ साली जोडणी होऊन 'बिटनेट' हे जाळे सुरू झाले. युरोपातील विद्यापीठांचे 'अर्न' हे जाळे त्याला येऊन मिळाले. आयबीएम कंपनीचे 'व्हीनेट' नावाचे स्वतःचे जगभरचे अंतर्गत जाळे होते, आणि त्याचीही या जाळ्यांशी वाट जुळलेली होती.

या जाळ्यांचा कारभार आपल्या टपालाच्या थैल्यांसारखा चाले. एका संगणकावरून निघालेली फाईल थेट मुक्कामी पोचत नसे. वाटेतील प्रत्येक संगणक ती उतरवून घेई, रांगेत ठेवी आणि तार मोकळी झाली की पुढे रवाना करी. बिटनेटवरील बहुतेक तारांचा वेग सेकंदाला ९,६०० बिट, म्हणजे सुमारे बाराशे अक्षरे, इतकाच होता. मुक्कामी पोचलेली फाईल माणसाच्या 'रीडर'मध्ये येऊन पडे. पूर्वी छिद्रे पाडलेली कार्डे वाचणारे यंत्र असे. त्याचे नाव या अदृश्य टपालपेटीला चिकटले होते.

तर डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात लोकांच्या रीडरमध्ये एक फाईल दिसू लागली. इंग्रजीत 'क्रिसमस' हा शब्द नऊ अक्षरांचा, आणि फाईलच्या नावाची मर्यादा आठ अक्षरांची. त्यामुळे नावातील शेवटचे अक्षर गळून ते 'क्रिसमा' असे झाले होते. फाईल पाठवणारा बहुधा ओळखीचाच, म्हणजे सहकारी, दुसऱ्या विद्यापीठातील मित्र, पत्रव्यवहारातील स्नेही. मग शंका कोण घेणार? माणूस ती उतरवून घेई, चालवी आणि पडद्यावर तारकाचिन्हांचे एक नाताळचे झाड उभे राही. सोबत शुभेच्छा. पाहणारा सुखावे आणि आपल्या कामाला लागे.

झाडामागे काय चालले होते

झाड पडद्यावर असताना पडद्याआड दुसरे काम चालू असे. प्रत्येक माणसाच्या खात्यात 'नेम्स' नावाची एक यादी असे. ज्यांना तो वारंवार पत्रे पाठवी त्यांची टोपणनावे आणि पत्ते तीत असत. 'नेटलॉग' नावाची दुसरीही एक वही असे. कुणाला कोणती फाईल धाडली आणि कुणाकडून कोणती आली, याची नोंद संगणक तीत आपोआप ठेवी. झाड काढणारा प्रोग्रॅम या दोन्ही याद्या वाची आणि त्यांतील प्रत्येकाला स्वतःची एक प्रत पाठवून देई. पाठवणारा म्हणून नाव जाई ते त्या बिचाऱ्या पाहणाऱ्याचे.

ही कल्पना वरवर साधी वाटते, पण तिचे गणित भयंकर आहे. प्रत्येकाच्या यादीत वीसच नावे आहेत असे समजू. पहिल्या माणसाकडून वीस प्रती निघतील. त्या वीस जणांकडून चारशे, चारशेंकडून आठ हजार आणि आठ हजारांकडून एक लाख साठ हजार. काही नावे सामाईक असणार, काही माणसे फाईल उघडणार नाहीत, हे धरले तरी सेकंदाला बाराशे अक्षरे वाहणाऱ्या तारांना हा पूर कसा पेलावा? वाटेतील संगणकांवर झाडांच्या रांगा लागल्या. खरी पत्रे, संशोधनाचे निष्कर्ष, कामाची कागदपत्रे त्यांच्यामागे अडकून पडली. आयबीएमच्या व्हीनेटमध्ये हे झाड शिरले तेव्हा तेथील यादीतील नावे एकाच कंपनीच्या देशोदेशींच्या सहकाऱ्यांची होती. साहजिकच तेथे त्याचा प्रसार अधिकच जोमाने झाला आणि ते अवाढव्य जाळे ठप्प झाले. तंत्रज्ञांना रांगा उपसून एकेक प्रत नष्ट करावी लागली.

येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. या प्रोग्रॅमने कुणाची एकही फाईल पुसली नाही, कुणाचे गुपित चोरले नाही. त्याने कोणतेही कुलूपही फोडले नाही. यादी वाचण्याचा आणि फाईल पाठवण्याचा जो अधिकार प्रत्येक माणसाला होता, तोच त्याने त्या माणसाच्या नावाने वापरला. संगणकाने आज्ञा पाळली, एवढेच. गैरप्रकार घडला तो आज्ञा कोण देत आहे हे त्या माणसालाच ठाऊक नसल्यामुळे. त्या विद्यार्थ्याला विद्यापीठाचा संगणक वापरण्यास मनाई करण्यात आली.

आणखी एक तपशील आम्हांला फार बोलका वाटतो. हा प्रोग्रॅम 'रेक्स' या भाषेत लिहिलेला होता. आयबीएमचे माईक काउलिशॉ यांनी १९७९ पासून घडवलेली ही भाषा साध्या इंग्रजी शब्दांच्या जवळची. तिच्यात लिहिलेला मजकूर कुणालाही उघडून वाचता येई. म्हणजे चालवण्यापूर्वी ती फाईल नुसती वाचली असती, तर ती आपल्या याद्या उघडणार आहे हे थोड्याशा जाणकाराला सहज दिसले असते. लिहिणाऱ्याला याची कल्पना असावी. कारण त्याने आतच एक टीप ठेवली होती. तिचा आशय असा की, ही फाईल वाचत बसण्यात काही मौज नाही, 'क्रिसमस' एवढे टंकून ती सरळ चालवा. शेकडो विद्वानांनी हा सल्ला निमूटपणे मानला.

विषाणूवाचून पसरलेली भीती

त्यानंतरच्या दशकात संगणक मोठ्या इमारतींतून बाहेर पडून टेबलांवर आले. आपल्या देशात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. पत्रलेखनाचे नवे युग सुरू झाले.

या युगाच्या उंबरठ्यावर, १९९४ च्या अखेरीस, अमेरिकेत एक चमत्कारिक प्रकार घडला. 'गुड टाइम्स' अशा विषयाचे ई-मेल आले तर ते उघडू नका, नुसते वाचल्यानेही संगणकाचा नाश होईल, ही सूचना आपल्या सर्व परिचितांना पाठवा, असा इशारा फिरू लागला. असा कोणताही विषाणू अस्तित्वात नव्हता. पण काळजीपोटी हजारो लोकांनी तो इशारा पुढे धाडला. अकरा जणांना पत्र न लिहिल्यास अरिष्ट कोसळेल, असे बजावणारी साखळी-पोस्टकार्डे आपल्याकडील वडीलधाऱ्यांना आठवत असतील. हा त्यांचाच नवा अवतार. क्लाउस्थालच्या झाडाने जे काम संगणकाकडून करून घेतले, ते येथे माणसांनी स्वतःच्या हातांनी केले. यादी तीच आणि विश्वासही तोच.

तज्ज्ञ मंडळी तेव्हा समजूत घालीत की, पत्र म्हणजे नुसती अक्षरे, विषाणू असतो तो प्रोग्रॅममध्ये, म्हणून पत्र वाचून संगणक बिघडत नाही. ते त्या दिवशी खरे होते, परंतु फार काळ खरे राहिले नाही. मायक्रोसॉफ्टच्या 'वर्ड'मध्ये लेखाच्या पोटातच 'मॅक्रो' नावाच्या आज्ञा साठवण्याची सोय होती. तेच ते काम पुनःपुन्हा करावे लागू नये, हा तिचा उद्देश. १९९५ साली 'कन्सेप्ट' नावाच्या विषाणूने या सोयीचा उपयोग करून दाखवला आणि कागद व प्रोग्रॅम यांच्यातील भिंत पडली. ज्याला आपण लेख समजत होतो, तो आता काम करू शकत होता.

मेलिसा आणि प्रेमपत्र

या दोन्ही धाग्यांची गाठ पडली ती २६ मार्च १९९९ रोजी, एका शुक्रवारी. अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यातील डेव्हिड स्मिथ या प्रोग्रॅमरने दुसऱ्याचे खाते वापरून इंटरनेटवरील एका चर्चागटात वर्डची एक फाईल ठेवली. अश्लील संकेतस्थळांचे परवलीचे शब्द तीत असल्याचे आमिष होते. ती उघडताच आतील मॅक्रो जागा होई. प्रथम तो वर्डची संरक्षक सूचना बंद करी. मग ज्या मूळ साच्यावरून वर्डचा प्रत्येक नवा लेख तयार होतो, त्या साच्यातच तो ठाण मांडी. त्यानंतर 'आउटलुक' या पत्रव्यवहाराच्या प्रोग्रॅमला हाताशी धरून तेथील प्रत्येक नामावलीतील पहिल्या पन्नास पत्त्यांवर तो पत्रे पाठवी. विषयाच्या जागी लिहिलेले असे की, अमुक अमुक यांच्याकडून महत्त्वाचा निरोप. अमुकच्या जागी नाव त्या संगणकाच्या मालकाचे. आत मजकूर असा की, तुम्ही मागितलेला कागद सोबत आहे, दुसऱ्या कुणाला दाखवू नका.

या मजकुरातील चतुराई लक्षात घेण्याजोगी आहे. कचेरीत कुणीतरी कुणाकडे तरी काहीतरी मागितलेले असतेच. त्यातून वरिष्ठाचे नाव दिसल्यावर कोण विलंब लावील? शिवाय यादीतील एखादा पत्ता संपूर्ण विभागाचा सामाईक असे. मग पन्नास पत्रांची पाचशे होत. साचाच दूषित झाल्यामुळे पुढे त्या संगणकावरील दुसरा एखादा खासगी कागदही सोबत जोडला जाऊन परक्या हाती पडण्याची भीती होती. एकदा पत्रे पाठवून झाली की मेलिसा आपली खूण ठेवी आणि त्याच संगणकावरून पुन्हा पाठवीत नसे. तरीही मोठमोठ्या कंपन्यांना आपली ई-मेल व्यवस्था काही काळ बंद ठेवावी लागली. खुद्द मायक्रोसॉफ्टही त्यांत होती.

१ एप्रिल रोजी स्मिथला अटक झाली. डिसेंबर १९९९ मध्ये त्याने गुन्हा कबूल केला. आठ कोटी डॉलरांहून अधिक नुकसान झाल्याचे न्यायालयात मान्य करण्यात आले. १ मे २००२ रोजी त्याला वीस महिन्यांचा कारावास आणि पाच हजार डॉलर दंड अशी शिक्षा सुनावण्यात आली.

मेलिसातून जगाने धडा घेतला असे म्हणावे, तर वर्ष-सव्वा वर्षातच, ४ मे २००० रोजी, फिलिपिन्सची राजधानी मनिला येथून एक 'प्रेमपत्र' निघाले. 'माझे तुझ्यावर प्रेम आहे' एवढाच त्याचा विषय. जोडलेल्या फाईलच्या नावाला दोन शेपट्या होत्या. आधीची 'टीएक्सटी', म्हणजे साधा मजकूर, आणि शेवटची 'व्हीबीएस', म्हणजे प्रोग्रॅम. विंडोजमध्ये ओळखीच्या प्रकारच्या फाईलचे शेवटचे शेपूट न दाखवण्याची पद्धत होती. त्यामुळे वाचणाऱ्याला ते निरुपद्रवी पत्रच दिसे. मेलिसा पन्नासांवर थांबे, हे प्रेमपत्र मात्र संपूर्ण नामावलीला जाई. शिवाय ते नाश करणारे होते. छायाचित्रांच्या फाईलींवर ते स्वतःची प्रत लिहून टाकी, आणि परवलीचे शब्द चोरणारा दुसरा प्रोग्रॅम उतरवून घेण्याचा प्रयत्न करी. सूर्याबरोबर पश्चिमेकडे सरकत, जसजशी देशोदेशीची कार्यालये उघडली तसतसे ते पसरले. ब्रिटिश संसदेलाही आपली ई-मेल व्यवस्था बंद करावी लागली.

संशयाची सुई ओनेल दे गुझमान या संगणकाच्या विद्यार्थ्याकडे वळली. इंटरनेटचे परवलीचे शब्द मिळवण्याविषयीचा त्याचा प्रबंधाचा प्रस्ताव महाविद्यालयाने पूर्वीच नाकारला होता. पण फिलिपिन्समध्ये अशा कृत्याला लागू पडेल असा कायदाच नव्हता. १४ जून २००० रोजी नवा कायदा झाला, परंतु तो मागील कृत्याला लावता येईना. ऑगस्टमध्ये आरोप मागे घेण्यात आले. वीस वर्षांनंतर ब्रिटिश पत्रकार जेफ व्हाइट यांनी त्याला मनिलातील एका दुरुस्तीच्या दुकानात गाठले, तेव्हा त्याने ते कृत्य आपलेच असल्याचे सांगून खेद व्यक्त केला. इंटरनेटसाठी द्यावयाचे पैसे त्याच्यापाशी नव्हते, म्हणून त्याला दुसऱ्यांचे परवलीचे शब्द हवे होते. योगायोग असा की, आपल्या देशाच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली तीही त्याच महिन्यात, ९ जून २००० रोजी. संगणकात विषाणू सोडणाऱ्याला जबाबदार धरण्याची तरतूद त्यात आहे.

काय बदलले, काय राहिले

प्रेमपत्रानंतर मायक्रोसॉफ्टने आउटलुकमध्ये सुधारणा केली. दुसरा प्रोग्रॅम नामावलीला हात लावू लागला की मालकाला विचारणा होऊ लागली, आणि प्रोग्रॅमच्या जातीच्या जोडफाईली अडवल्या जाऊ लागल्या. म्हणजे क्लाउस्थालच्या झाडाने १९८७ साली जो प्रश्न विचारला होता, 'आज्ञा नक्की कुणाची?', तो विचारण्याची सोय यंत्रात यायला तेरा वर्षे लागली. कुलपे मजबूत करण्यात सारे गुंतले होते. दार आतून आपणच उघडतो, याकडे कुणाचे फारसे लक्ष नव्हते.

आज त्या नामावल्या आपल्या खिशातल्या मोबाइलमध्ये आहेत. २०२४ साली हिमाचल प्रदेशच्या पोलिसांनी नागरिकांना सावध केले ते व्हॉट्सॲपवर येणाऱ्या लग्नपत्रिकांविषयी. पत्रिका म्हणून येणारी फाईल प्रत्यक्षात 'एपीके', म्हणजे मोबाइलमध्ये बसणारा प्रोग्रॅम असते. ती उघडली की मोबाइलमधील माहिती चोराच्या हाती जाते आणि त्याच क्रमांकावरून दुसऱ्यांना निरोपही धाडता येतात. नाताळचे झाड, महत्त्वाचा कागद, प्रेमपत्र, लग्नपत्रिका. आमिष कोणते असावे हे लबाडाने किती अचूक निवडले आहे पाहा. ज्याला नकार देणे माणुसकीला सोडून होईल, असेच काही तो पुढे करतो.

यावर उपाय म्हणून सर्वांवर अविश्वास ठेवावा, असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. ज्या घरात आलेल्या पत्राकडे केवळ संशयानेच पाहिले जाते, त्या घराचे काहीतरी मोलाचे हरवलेले असते. तथापि विश्वास माणसावर असतो, त्याच्या नावाच्या पाटीवर नव्हे, हा भेद आता शिकावा लागेल. निमंत्रण आले तर त्या घरी एक फोन करून विचारावे. घरातील वृद्धांना मोबाइल हाती देताना एवढे एकच वाक्य समजावून सांगावे. त्या निमित्ताने चार शब्द बोलणेही होईल. फाईलच्या नावाच्या शेवटी काय लिहिले आहे तेही पाहावे. आणि कोणतीही गोष्ट वाचू नका, नुसती उघडा, असे कुणी सुचवू लागले, तर त्या जर्मन विद्यार्थ्याची टीप आठवून आधी ती नीट वाचावी.